बटणांना नावं देताना: एनव्हीडीएसाठी पहिली स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी

लातूरच्या मार्केट यार्डात आमची आडत आहे. सोयाबीनच्या हंगामात पट्ट्या करता करता जेवायला सवड मिळत नाही. शेतकऱ्याचं नाव टाकायचं, कट्टे मोजून टाकायचे, वजन, भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा करायची आणि पट्टी छापून हातात द्यायची. मला दिसत नाही. हे सगळं मी एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून बोलणाऱ्या प्रोग्रामच्या, भरवशावर करतो.

आमच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये खालच्या बाजूला पाच बटणं आहेत. बनवणाऱ्यानं त्यांच्यावर चित्रं लावली, नावं द्यायची राहिली. त्यामुळे टॅब दाबत गेलं की ऐकू यायचं: बटण, बटण, बटण, बटण, बटण. मी मोजून चालायचो. तिसरं छापायचं, चौथं पुसायचं. एका ऑक्टोबरात, बाहेर गाड्यांची रांग लागलेली असताना, मोजायला चुकलो आणि औशाकडच्या एका काकांची अख्खी पट्टी पुसून बसलो. काका "होतंय की बाबा" एवढंच म्हणाले. पण मला दिवसभर गोड लागलं नाही.

आता तीच बटणं आपापलं नाव सांगतात. त्यासाठी बारा ओळींची स्क्रिप्ट लागली, म्हणजे एनव्हीडीएला काय करायचं ते सांगणारा छोटा कोड. त्या बारा ओळींपर्यंत कसं पोचायचं ते इथं सांगतो. वाचणाऱ्याला टॅब, बाण, फाइल साठवणं, फोल्डर उघडणं एवढं येत असलं की पुरे. कोड कधी लिहिलेला नसला तरी चालेल, मीही लिहिलेला नव्हता.

एक सूचना. कोड मी इथं जसा ऐकू येतो तसा देवनागरीत लिहिला आहे. परभणीच्या ज्या मित्राकडून मी हे शिकलो त्यालाही दिसत नाही, आणि त्यानं सगळं फोनवर सांगितलं: "पी मोठा, एच मोठा, मध्ये जागा नको." तुम्ही टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करा. मराठी अक्षरं फक्त अवतरणचिन्हांच्या आत, म्हणजे एनव्हीडीएनं जे बोलायचं त्या शब्दांत.

स्क्रिप्ट कशात लिहायची

एनव्हीडीएचं काम २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणानं सुरू केलं. पुढे जेम्स टेह त्याला येऊन मिळाला. हा स्क्रीन रीडर फुकट आहे, त्याचा कोड कुणालाही पाहता येतो, आणि तो मुख्यतः पायथन भाषेत लिहिलेला आहे. आपल्या स्क्रिप्टही त्याच पायथनमध्ये लिहायच्या. वेगळं पायथन बसवावं लागत नाही, एनव्हीडीएच्या पोटात ते असतंच.

जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर वापरत असाल तर तिथली भाषा वेगळी, जॉजची स्वतःची. इन्सर्ट आणि शून्य दाबलं की चालू प्रोग्रामची स्क्रिप्ट फाइल उघडते, लिहून साठवली की ती कंपाइल होते. कल्पना तीच, व्याकरण निराळं. जॉज विकत घ्यावं लागतं आणि आमच्याकडं बहुतेकांच्या संगणकावर एनव्हीडीएच आहे, म्हणून पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

आधी बघा, स्क्रिप्ट लागते का

नवीन माणूस स्क्रिप्टच्या नादी लागतो आणि जे सेटिंगमध्ये दोन मिनिटांत झालं असतं त्यासाठी आठवडा घालवतो. मी घालवला आहे. "क्विं." हे एनव्हीडीए नीट म्हणत नव्हता, तर मी त्याच्यासाठी कोड शोधत बसलो. त्याला स्पीच डिक्शनरी आहे. एनव्हीडीए की (सहसा इन्सर्ट; पुढं कळांमध्ये नुसतं "एनव्हीडीए" म्हटलं की हीच) आणि एन दाबून मेनू उघडा, प्रेफरन्सेसमध्ये स्पीच डिक्शनरीज, त्यात डीफॉल्ट. नवी नोंद करा: पॅटर्नच्या जागी "क्विं.", रिप्लेसमेंटच्या जागी "क्विंटल". झालं. जि.प., ता., रु. सगळ्यांची सोय अशीच लावा.

प्रत्येक प्रोग्रामला वेगळा वेग, वेगळा आवाज हवा असेल तर कॉन्फिगरेशन प्रोफाइल करा. एनव्हीडीए, कंट्रोल, पी. नवीन प्रोफाइल करताना "करंट ॲप्लिकेशन" निवडलं की त्या प्रोग्राममध्ये शिरताच ते आपोआप लागू होतं. आणि एखाद्या कामाची कळ अवघड असेल तर प्रेफरन्सेसमधल्या इनपुट जेश्चर्समध्ये ती बदलता येते. हे तिन्ही करून भागत नसेल तरच पुढं या.

तयारी

रोजच्या एनव्हीडीएवर प्रयोग करू नका. मेनूतल्या टूल्समधून पोर्टेबल कॉपी तयार करून पेनड्राइव्हवर घ्या आणि शिकायचं ते तिच्यावर शिका. बिघडली तर पुसून दुसरी करता येते.

लिहायला नोटपॅड चालतं, नोटपॅड प्लस प्लस जास्त बरं. साध्या नोटपॅडमध्ये फाइल साठवताना नावापुढं डॉट पीवाय लिहूनही मागं गुपचूप डॉट टीएक्सटी चिकटतं आणि मग काहीच चालत नाही. सेव्ह करताना फाइलचा प्रकार "ऑल फाइल्स" ठेवला की ते टळतं.

आता दोन सेटिंग, ज्यांच्याशिवाय कानानं पायथन लिहिणं होत नाही. पहिलं, विरामचिन्हं. एनव्हीडीए आणि पी दाबत राहा, "ऑल" ऐकू येईपर्यंत. एरवी कंस, अपूर्णविराम (म्हणजे कोलन), अवतरणचिन्ह ऐकूच येत नाहीत आणि पायथनमध्ये सगळा जीव त्यांच्यात. दुसरं, ओळीच्या सुरुवातीची जागा. पायथनमध्ये कुठली ओळ कुणाच्या पोटात आहे हे कंसानं ठरत नाही, ओळीच्या आधी सोडलेल्या जागेनं ठरतं. डोळस माणसाला ते एका नजरेत दिसतं. आपल्यासाठी सेटिंग्जच्या डॉक्युमेंट फॉरमॅटिंगमध्ये लाइन इंडेंटेशन रिपोर्टिंग आहे, तिथं "टोन्स" निवडा. मग प्रत्येक ओळीवर एक सूर वाजतो. जितक्या स्पेस जास्त तितका सूर वर, आणि एक टॅब म्हणजे चार स्पेसइतका वर. भजनात पेटीवर बसलेल्या माणसाला हे पहिल्याच दिवशी जमतं. ओळ एका स्पेसनं जरी सरकली तरी सूर बेसूर लागतो. बोलून सांगणारा पर्यायही आहे, पण "फोर स्पेसेस, एट स्पेसेस" ऐकून कान किटतात.

आणखी एक ठरवून टाका: टॅब वापरायचा तर सगळीकडं टॅबच. स्पेस आणि टॅबची भेसळ केली की पायथन अडून बसतो.

शेवटची तयारी. सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड हा विभाग आहे. तिथं आधी "मला धोका समजतो" अशा अर्थाचा एक चेकबॉक्स येतो, तो लावल्याशिवाय पुढचं काही उघडत नाही. मग डेव्हलपर स्क्रॅचपॅडमधला कोड चालू करण्याचा चेकबॉक्स लावा आणि त्याच्या पुढचं, स्क्रॅचपॅड फोल्डर उघडण्याचं बटण दाबा. आत बरेच फोल्डर दिसतील. आपले दोनच: ग्लोबल प्लगइन्स, जे सगळीकडं चालतं, आणि ॲप मॉड्यूल्स, जे एकाच प्रोग्रामपुरतं चालतं.

पहिली स्क्रिप्ट: आकडे सुटे सुटे

शेतकऱ्याच्या खात्यात पैसे टाकायचे तर खाते क्रमांक पडताळावा लागतो. अकरा आकडी नंबर स्क्रीन रीडर कोटी-लाख-हजार करत सलग म्हणतो. बाणानं एकेक अंकावर जाता येतं, पण दिवसात चाळीस वेळा कोण जाणार. म्हणून पहिली स्क्रिप्ट ही: नंबर कॉपी करायचा, एक कळ दाबायची, अंक वेगवेगळे ऐकायचे.

ग्लोबल प्लगइन्समध्ये नवी फाइल करा, नाव काहीही द्या, शेवटी डॉट पीवाय. पहिल्या चार ओळी आयातीच्या.

इम्पोर्ट ग्लोबलप्लगइनहँडलर. (एक शब्द, जी लहान, मधले पी आणि एच मोठे.)
इम्पोर्ट एपीआय.
इम्पोर्ट यूआय.
फ्रॉम स्क्रिप्टहँडलर इम्पोर्ट स्क्रिप्ट. (पहिल्या शब्दात एच मोठा, शेवटचा शब्द सगळा लहान.)

पुढची ओळ: क्लास, मग ग्लोबलप्लगइन, यात जी आणि पी मोठे. कंस उघडा, ग्लोबलप्लगइनहँडलर डॉट ग्लोबलप्लगइन, कंस बंद, अपूर्णविराम. तो अपूर्णविराम विसरू नका. मी पहिल्या दिवशी दहा वेळा विसरलो असेन.

आता एक टॅब आत. ॲट चिन्ह, त्याला चिकटून स्क्रिप्ट, कंसात डिस्क्रिप्शन इक्वल्स आणि अवतरणात "अंक सुटे सांगा". हे वर्णन दिलं नाही तर कळ नेमायच्या वेळी तुमची स्क्रिप्ट यादीत सापडणारच नाही.

त्याच सुरावर पुढची ओळ: डेफ, स्पेस, स्क्रिप्ट अंडरस्कोअर अंकसुटे, कंसात सेल्फ स्वल्पविराम जेश्चर, अपूर्णविराम. नावाची सुरुवात "स्क्रिप्ट अंडरस्कोअर" हीच हवी, पुढचं तुमच्या मर्जीचं.

आणखी एक टॅब आत: ट्राय, अपूर्णविराम. त्याच्या पोटात, अजून एक टॅब आत: टेक्स्ट इक्वल्स एपीआय डॉट गेटक्लिपडेटा, सी आणि डी मोठे, मागे रिकामे कंस. एक टॅब बाहेर: एक्सेप्ट एक्सेप्शन, दुसऱ्या शब्दाचा ई मोठा, अपूर्णविराम. पुन्हा आत: यूआय डॉट मेसेज, कंसात अवतरणात "काही कॉपी केलेलं नाही". त्याखाली त्याच सुरावर रिटर्न. मग एक टॅब बाहेर येऊन शेवटची ओळ: यूआय डॉट मेसेज, कंसात अवतरण-स्पेस-अवतरण, डॉट जॉइन, आतल्या कंसात टेक्स्ट, दोन्ही कंस बंद.

जॉइन इथं काय करतो? प्रत्येक अक्षराच्या मध्ये एकेक स्पेस टाकतो. अंक सुटले की कोणताही आवाज ते एकेक करूनच म्हणतो. सगळी किमया एवढीच.

साठवा. एनव्हीडीए, कंट्रोल, एफ३ दाबा. याने प्लगइन पुन्हा लोड होतात, एनव्हीडीए बंद करायची गरज नाही. आता इनपुट जेश्चर्स उघडा, वरच्या शोधाच्या चौकटीत "अंक" लिहा. मिसलेनियस या गटात तुमचं वर्णन ऐकू येईल. ॲड दाबून हवी ती कळ द्या. कळ आधीच कशाला नेमलेली आहे का हे कळायला एनव्हीडीए आणि १ दाबून इनपुट हेल्प चालू करा आणि ती कळ दाबून बघा. नुसतं कळांचं नाव ऐकू आलं तर ती मोकळी. पुन्हा एनव्हीडीए आणि १ दाबून हेल्प बंद करायला विसरू नका, नाहीतर संगणक मेलाय असं वाटतं.

मराठी वाक्य नीट ऐकू येत नसेल तर आवाज इंग्रजी असणार. एनव्हीडीए, कंट्रोल, व्ही दाबून ई-स्पीक एनजीचा मराठी आवाज निवडा. तो यंत्रासारखा बोलतो हे खरं, पण चपळ आहे.

बिनानावाची बटणं

आता मूळ दुखणं. मुक्या बटणावर टॅबनं जा आणि एनव्हीडीए, एफ१ दाबा. लॉगची, म्हणजे एनव्हीडीएच्या नोंदवहीची, खिडकी उघडते आणि तिच्या शेवटाकडं त्या बटणाची सगळी कुंडली असते. त्यातल्या तीन गोष्टी टिपून घ्या: ॲप नेम, विंडो क्लास नेम आणि विंडो कंट्रोल आयडी. आमच्याकडं क्लास नेम "बटन" निघालं आणि आयडी १००४ ते १००८. पाचही बटणांसाठी हे करा. मग सॉफ्टवेअर बंद करून उघडा आणि आयडी तेच आहेत का बघा. ही पायरी गाळू नका. डॉट नेटमधल्या काही प्रोग्राममध्ये हा आकडा दर वेळी नवा येतो. तसं असेल तर आयडीवर विसंबून चालत नाही, बटणाच्या शेजारी काय आहे यावरून ते ओळखावं लागतं. ऑब्जेक्टच्या (इथं बटणाच्या) पुढं डॉट प्रीव्हियस, डॉट नेक्स्ट, डॉट पेरेंट लावून शेजारपाजार विचारता येतो. हे चाचपायला पायथन कन्सोल उत्तम: बटणावर उभं राहून एनव्हीडीए, कंट्रोल, झेड दाबा आणि फोकस डॉट नेम, फोकस डॉट प्रीव्हियस डॉट नेम असं टाइप करून एंटर मारा. फोकस म्हणजे कन्सोल उघडताना तुम्ही जिथं होता ती जागा.

आयडी टिकणारे असतील तर काम सोपं. ॲप मॉड्यूल्स फोल्डरमध्ये फाइल करा, नाव मात्र मर्जीचं नाही. लॉगमध्ये मिळालेलं ॲप नेम जसंच्या तसं, पुढं डॉट पीवाय. नावात मध्येच टिंब असेल तर त्या जागी अंडरस्कोअर. एक्सेल, आउटलुक अशांसाठी एनव्हीडीएत आधीपासूनच मॉड्यूल असतात. त्याच नावाची तुमची फाइल टाकली की मूळचं झाकलं जातं, म्हणून सुरुवातीला त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पहिली ओळ: इम्पोर्ट ॲपमॉड्यूलहँडलर, एम आणि एच मोठे.

मग नावांची यादी. नावे इक्वल्स, महिरपी कंस उघडा. पुढं प्रत्येक ओळीवर एक जोडी: १००४ अपूर्णविराम अवतरणात "नवी पट्टी" स्वल्पविराम, १००५ "साठवा", १००६ "छापा", १००७ "पुसा", १००८ "बंद करा". महिरपी कंस बंद. आकडे इंग्रजीच टाका.

क्लास ॲपमॉड्यूल, ए आणि एम मोठे, कंसात ॲपमॉड्यूलहँडलर डॉट ॲपमॉड्यूल, अपूर्णविराम.

एक टॅब आत: डेफ इव्हेंट अंडरस्कोअर एनव्हीडीएऑब्जेक्ट अंडरस्कोअर इनिट, कंसात सेल्फ स्वल्पविराम ओबीजे, अपूर्णविराम. यात एनव्हीडीए सगळं मोठं आणि ऑब्जेक्टचा ओ मोठा.

दोन टॅब आत: इफ ओबीजे डॉट विंडोक्लासनेम इक्वल्स इक्वल्स अवतरणात बटन, अँड ओबीजे डॉट विंडोकंट्रोलआयडी इन नावे, अपूर्णविराम.

तीन टॅब आत: ओबीजे डॉट नेम इक्वल्स नावे, चौकटी कंसात ओबीजे डॉट विंडोकंट्रोलआयडी.

बारा ओळी झाल्या. साठवा, कंट्रोल-एनव्हीडीए-एफ३, सॉफ्टवेअरमध्ये जा आणि टॅब दाबा. पहिल्यांदा "छापा बटण" ऐकू आलं तेव्हा मी उगाच चार वेळा मागे-पुढे करून ऐकलं.

मला "पुसा"ची धास्ती बसलेली, म्हणून मी वर एक टाच मारली: त्या बटणावर फोकस आला की जाडसर आवाज व्हावा. त्यासाठी वर इम्पोर्ट टोन्स, आणि क्लासच्या आत दुसरा डेफ: इव्हेंट अंडरस्कोअर गेनफोकस, एफ मोठा, कंसात सेल्फ, ओबीजे, नेक्स्टहँडलर. त्याच्या पोटात इफ ओबीजे डॉट नेम इक्वल्स इक्वल्स "पुसा", तर टोन्स डॉट बीप, कंसात २००, १५०. म्हणजे २०० हर्ट्झचा सूर, १५० मिलिसेकंद. आणि इफच्या बाहेर, शेवटी, नेक्स्टहँडलर आणि रिकामे कंस.

ही शेवटची ओळ मी गाळली होती. परिणाम असा की त्या सॉफ्टवेअरमध्ये एनव्हीडीएची बोलतीच बंद. मित्राला फोन लावला, "कामून बोलंना?" तो हसतच सुटला. नेक्स्टहँडलर म्हणजे "माझं झालं, आता तू तुझं नेहमीचं काम कर" असा निरोप. तो दिलाच नाही तर एनव्हीडीए बापडा गप्प बसतो.

अडलं तर

फाइलमध्ये चूक असली की सहसा एनव्हीडीए ती फाइल नुसती सोडून देतो आणि कारण लॉगमध्ये लिहितो. एनव्हीडीए, एफ१ दाबा आणि शेवटून वर वाचत या. इंडेंटेशन एरर म्हणजे जागा चुकली, सिंटॅक्स एरर म्हणजे बहुतेक अपूर्णविराम किंवा कंस. सोबत ओळीचा क्रमांक असतो, पण चूक कधीकधी त्याच्या आधीच्या ओळीत निघते. एनव्हीडीए अगदीच मुका झाला तर विंडोज, कंट्रोल, एंटर दाबून नॅरेटर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, चालू करा, स्क्रॅचपॅडमधली ती फाइल बाहेर काढा आणि एनव्हीडीए पुन्हा सुरू करा. हे आधी एकदा शांतपणे करून बघा, गर्दीच्या वेळी पहिल्यांदा नको.

इंटरनेटवरचे जुने नमुने जपून वापरा. २०१९.३ या आवृत्तीपासून एनव्हीडीए पायथन ३ वर गेला, त्याआधीचं बरंच काही चालत नाही. शिवाय दर वर्षीच्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे ज्या आकड्याच्या शेवटी टिंब एक असतं तिच्यात, जुने ॲड-ऑन (वरून बसवलेल्या जोड-स्क्रिप्ट) मोडू शकतील असे बदल होतात. हंगामाच्या तोंडावर ती आवृत्ती घ्यायची घाई करू नये.

आणि व्हॉट्सॲपवर कुणी "ही फाइल टाक, मस्त चालतं" म्हणून पाठवली तर टाकू नका. स्क्रिप्टला तुमच्याइतकेच अधिकार असतात. तुम्ही काय टाइप करता, कोणती फाइल उघडता, सगळं तिला करता येतं. तयार गोष्ट हवी तर एनव्हीडीएच्या मेनूत २०२३.२ पासून ॲड-ऑन स्टोअर आहे, तिथून घ्या.

बटणांना नावं देणं हे खरं म्हणजे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचं काम. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये सुगम्यतेची तरतूद आहे, मागायला संकोच नको. मी आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना तक्रारीऐवजी यादीच पाठवली: कोणता आयडी, त्याचं नाव काय असावं. पुढच्या अपडेटमध्ये नावं आली नाहीत, उलट एक नवं बटण आलं आणि आयडी एकानं पुढं सरकले. "बंद करा" म्हणणारं बटण पुसायला लागलं. नशीब, तो सकाळचा चाचणीचा कागद होता. तेव्हापासून अपडेट आलं की सौदे सुरू व्हायच्या आधी एक खोटी पट्टी करतो, प्रत्येक बटण दाबून बघतो, आणि मगच पहिल्या गाडीचं नाव घेतो.